दया मागणं म्हणजे लाचारी का?

प्रश्न : मावशी, शालोम. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. मूळची रेवदंड्याची, वाढले ठाण्यात, लग्नानंतर इथे इस्राएलमध्ये अश्दोदला आले. एका वृद्धाश्रमात मदतनीस आहे. आजी-आजोबांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. काम मला आवडतं आणि म्हाताऱ्या माणसांची काही तक्रार नाही. त्रास आहे तो बरोबरीच्या बायकांचा आणि आमच्या पाळीच्या मुख्य बाईंचा. मी डबा उघडला की कुणीतरी उठून खिडकी उघडतं. माझं हिब्रू चांगलं आहे, तरी मी बोलायला लागले की एकजण मान डोलावून माझी नक्कल करते. पुरीमच्या सणाला मी पुरणपोळ्या नेल्या, तर आपल्या धर्माला चालतं का या अर्थाने विचारलं, "हे कोशेर आहे? तुमच्यात कोशेर असतं?" दुसरी म्हणाली, "तुम्ही खऱ्या यहुदी की विमानाच्या तिकिटापुरत्या?" मुख्य बाई तिथेच होत्या. त्याही हसल्या.

सकाळी बसमध्ये मी तेहिल्लीममधलं, म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकातलं, १२३वं स्तोत्र म्हणते. आजीने मराठी अक्षरांत लिहून पाठ करून घेतलं होतं. पण हल्ली एका ओळीपाशी अडखळते. दासीचे डोळे जसे मालकिणीच्या हाताकडे, तसे आमचे डोळे देवाकडे. मावशी, मी दिवसभर तेच तर करते! पाळ्यांचा तक्ता मुख्य बाईंच्या हातात, म्हणून त्यांच्या हाताकडे बघत राहायचं. आता देवासमोरही दासीच व्हायचं? नवरा म्हणतो, "दया कसली मागतेस? तोंडावर दोन शब्द सुनाव." सासूबाई म्हणतात, "गप्प राहा, देव बघतोय." मी कुणाचं ऐकू?

— एक वाचक, अश्दोद

उत्तर : दोघांचंही नको ऐकूस. निदान आत्ता लगेच नको. आणि त्या पुरणपोळ्या परत घरी आल्या असतील तर एकही वाया घालवू नकोस, डब्यात घालून बसमध्ये खा. आपल्याकडे पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणायची पद्धत पडली ती काय उगाच? पुरण शिजवणाऱ्या बाईने कोशेरचा दाखला द्यायचा ही वेळ यावी, याचा मला तुझ्याइतकाच राग आलाय. तो आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल.

तुझा प्रश्न चांगला आहे, कारण तू स्तोत्र नुसतं पुटपुटत नाहीस, अडखळतेस. चारच कडवी आहेत त्यात. कितीतरी माणसं जन्मभर म्हणतात आणि दासीच्या ओळीवरून घसरून पुढे जातात.

आधी ते कुठे बसतं ते बघ. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं एका माळेतली, चढणीची. जेरुसलेमच्या मंदिरात पंधरा पायऱ्या होत्या आणि सुक्कोथच्या सणात मंदिराची सेवा करणारे लेवी लोक वाद्यं घेऊन त्या पायऱ्यांवर उभे राहून गात, असं मिश्ना या आपल्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात लिहिलंय. आपल्या सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या यहुद्यांच्या वळणाच्या प्रार्थनेत यातली १२१ ते १२४ ही चार स्तोत्रं शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी ओळीने म्हटली जातात. १२२वं आठवतंय ना? चला, परमेश्वराच्या घरी जाऊ, असं लोक म्हणाले तेव्हा मला आनंद झाला. जेरुसलेमा, आमचे पाय तुझ्या वेशीत उभे आहेत. पोचलो! आणि लगेच पुढचं स्तोत्र काय? पुरे झाली अवहेलना, पोट भरलं आमचं, दया कर.

म्हणजे बघ, वेशीत पाय ठेवल्याबरोबर कुणीतरी विचारलेलं आहे, तुम्ही खरे की खोटे. १२२ आणि १२४ यांच्यावर दावीदाचं नाव आहे. मधल्या या स्तोत्रावर कुणाचंच नाही. मला ते योग्य वाटतं. ज्याला कुणी विचारत नाही, त्याचंच गाणं आहे ते. तुझ्या विमानतळावरच्या फोटोतला आनंद आणि वृद्धाश्रमातली ती उघडलेली खिडकी, या दोन्हींना आपल्या प्रार्थनेत शेजारी-शेजारी जागा दिलेली आहे. कुणीही असं म्हटलेलं नाही की, अगं, पुण्यभूमीत आलीस, आता रडायचं कारण काय?

आता दासीची ओळ. आपल्याकडच्या लग्नातली पंगत आठव. वाढणाऱ्या मुलींचं लक्ष पाहुण्यांच्या बोलण्याकडे नसतं. कोण म्हणतंय मीठ कमी, कोण म्हणतंय मुलगी सावळी आहे, त्यांच्या कानावर सगळं पडतं. पण डोळे असतात खांबापाशी उभ्या असलेल्या आत्याबाईंच्या हातावर. आत्याबाईंनी बोट हलवलं की भात, तळवा आडवा केला की थांबा. पंगतीतल्या कुणी कितीही हातवारे केले तरी ती मुलगी चुकत नाही, कारण हात कुणाचा बघायचा ते तिला ठाऊक असतं.

हे स्तोत्र नेमकं तेवढंच करतं. नजर उचलतं आणि दुसऱ्या हातावर नेऊन ठेवतं. सुरुवातच बघ: स्वर्गात बसलेल्या तुझ्याकडे मी डोळे लावतो. मालकीण कोण ते पहिल्याच ओळीत ठरलं. मग मुख्य बाई कोण? पाळ्यांचा तक्ता ठेवणारी बाई. तक्त्यापुरतं तिच्या हाताकडे जरूर बघ, रविवारची पाळी कुणाला, सणाची सुट्टी कुणाला. तू माणूस म्हणून किती किमतीची आणि यहुदी म्हणून खरी की खोटी, हे त्या हातात नाहीच. तू म्हणतेस, दिवसभर एका हाताकडे बघते आणि वर देवासमोरही तेच. मी म्हणते, देवाच्या हाताकडे बघायला शिकलीस की दिवसभराचं ते दुसरं बघणं आपोआप त्याच्या मापात येतं.

आणि लाचारीचं म्हणशील, तर स्तोत्र पुन्हा वाच. हिणवणाऱ्यांशी त्यात एक अक्षर बोललेलं नाही. "माझ्यावर दया करा हो," असं त्या सुखवस्तू, गर्विष्ठ माणसांना कुणी म्हटलेलं नाही. लाचारी कधी झाली असती? तू पुरणपोळीचा डबा पुढे करून "खाऊन तर बघा, आम्हीसुद्धा तुमच्यासारख्याच" म्हणत त्यांच्या तोंडाकडे बघत बसली असतीस तर. दया वरून मागायची असते. समोरच्याकडे मागायचा तो हक्क. यातली गल्लत तुझ्या यजमानांनी केली आहे. त्यांना सांग मावशीने सांगितलंय म्हणून.

मुंबईतलं आपलं सगळ्यात जुनं सिनेगॉग शार हारहमीम, म्हणजे दयेचा दरवाजा. आपले आजी-आजोबा त्याला मशीदच म्हणायचे. १७९६ साली ते बांधलं सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी. दिवेकर कंपनीच्या फौजेतले अधिकारी, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडलेले. टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून जीव वाचला, अशी कथा आपल्यात सांगतात. सुटून आल्यावर असा फौजी माणूस देवाचं घर बांधतो आणि नाव ठेवतो ते दयेचं. पराक्रमाचं नाही, सुटकेचंही नाही. त्यांना कुणी लाचार म्हणून बघू दे बरं! पुढच्याच वर्षी ते कोचीनला वारले.

आता सासूबाईंचं, ‘गप्प राहा’. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या बायकांना प्रार्थनेच्या नावाखाली तोंड मिटून बसायला फार शिकवलं गेलंय.

आपल्या शास्त्रातलं नहेम्याचं पुस्तक काढ. शूशन राजवाड्यात राजाला प्याला देणारा हा माणूस. जेरुसलेमचा तट पडलाय हे कळल्यावर रजा काढून येतो आणि बांधकामाला लागतो. त्याचे विरोधक सनबल्लट आणि तोबीया येऊन चेष्टा करतात. तोबीयाचं वाक्य तर ऐकण्यासारखं आहे: यांच्या तटावर कोल्हा चढला तरी दगड ढासळतील! तुझ्या त्या नक्कल करणाऱ्या बाईचा हा मूळ पुरुष असावा. नहेम्या त्याला उत्तर देत नाही. देवाला म्हणतो, ऐक, आमचा धिक्कार होतोय. आणि त्यापुढची ओळ काय, तर आम्ही तट बांधला, अर्ध्या उंचीपर्यंत सगळा जोडला, कारण लोकांचं मन कामात होतं. पुढे धमक्या यायला लागल्यावर पुन्हा प्रार्थना केली आणि त्याच दमात रात्रंदिवस पहारा बसवला. एका हाताने काम, दुसऱ्या हातात शस्त्र. तट ५२ दिवसांत उभा राहिला.

त्याच्या प्रार्थनेत एक कडू भाग आहे. यांची थट्टा यांच्याच डोक्यावर उलटव, यांचा अपराध पुसू नकोस, असं तो मागतो. मला ती ओळ आवडत नाही. तरी मी ती गाळून वाचत नाही. रागावलेल्या माणसाने राग देवापाशी ओतला, तोबीयाच्या घरावर दगड नाही मारले. तुलाही बसमध्ये कधी असंच काही मागावंसं वाटलं तर लाजू नकोस. माग, आणि उतरून कामाला लाग.

हे सगळं फार जुनं वाटत असेल तर आपल्याच घरातलं सांगते. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने, म्हणजे धर्मगुरूंच्या मंडळाने, नियम काढला की, बेने इस्राएल माणसाचं लग्न बाहेरच्या यहुदी घरात लागायचं असेल तर त्याच्या आई-आजी-पणजीपर्यंत चौकशी करावी. शतकानुशतकं कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेणाऱ्या माणसांची वंशावळ तपासायची! आमचे मोठे काका तेव्हा बैर शेवाला होते. १९६४च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला जाऊन ठाण मांडून बसली, बायकामुलांसकट. काका त्यांच्यात होते. त्यांचं एक पत्र वडिलांनी जपून ठेवलं होतं, निळ्या कागदाचं, कडेकडेने उभ्या ओळी लिहून भरलेलं. त्यात राजकारण फारसं नाही. गोधड्या अंथरून झोपतो, मुलांना उन्हाचा त्रास होतो, आणि पहाटे सगळे उठून तेहिल्लीम म्हणतो, असं लिहिलंय. मग खाली बारीक अक्षरांत, "इकडचे लोक उभे राहून बघतात. बघू देत."

त्या ऑगस्टमध्ये संसदेने ठराव करून सांगितलं की, बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत, बाकीच्यांच्या बरोबरीचे. त्यानंतर रब्बी मंडळाने नियमातून आपलं नाव काढलं आणि ज्याच्याविषयी शंका असेल त्याची चौकशी, असा मोघम मजकूर ठेवला. नाव गेलं, पण शंका शिल्लक ठेवली. तुझ्या वृद्धाश्रमातली बाई जे बोलली ना, ते त्या शिल्लक शंकेतूनच आलेलं आहे. तिला कदाचित १९६४ ठाऊकही नसेल.

त्या माणसांनी पहाटे दया मागितली आणि दिवसा रस्त्यावर बसून हक्क मागितला. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखव. त्यांचं माहेर कुठलं मला माहीत नाही, पण त्यांच्याही नात्यातलं कुणीतरी तिथे बसलेलं असण्याची शक्यता आहे.

आता एक गोष्ट लिहिते, ती आपल्या मंडळींना रुचणार नाही, संपादकांकडे तक्रार आली तर येऊ दे. ‘तुमचं रक्त किती शुद्ध?’ हा प्रश्न आपल्याला विचारला गेला, त्याआधी कितीतरी पिढ्या आपणच तो विचारत होतो. आपल्यात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असे दोन भाग होतेच की. काळ्यांच्या पूर्वजांत कुणीतरी बाहेरची आई होती म्हणे. एवढ्यावरून त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांनी आपल्या स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावायचा नाही. माझ्या आजीच्या घरी, पेणला, मागच्या ओसरीवर एक पितळी पेला पालथा ठेवलेला असे. तो कुणासाठी ते लहानपणी आम्हाला कुणी सांगितलं नाही. विचारलं की आजी म्हणायची, "त्याला हात लावू नको." त्या पेल्यातून पाणी प्यायलेल्या माणसांनीही शब्बाथला हेच स्तोत्र म्हटलं असणार. आणि त्यांच्या स्तोत्रातले सुखवस्तू, गर्विष्ठ लोक कोण होते? आम्ही.

हे मी तुला गप्प करायला सांगत नाही. तू काही त्या पेल्याची भरपाई करायला अश्दोदला गेलेली नाहीस. पण दया मागताना हे माहीत असलेलं बरं. तुझ्या कामाच्या जागी तुझ्यापेक्षा खालच्या पायरीवर कुणी असेल, इथिओपियातून आलेली एखादी मुलगी असेल, फिलिपिन्सची एखादी सेविका असेल, लादी पुसणारा अरब पोरगा असेल, तर डबा खाताना त्यांना बोलाव. स्तोत्र ‘मी’ने सुरू होतं आणि दुसऱ्या कडव्यापासून ‘आम्ही’ होतं, ते कधी लक्षात आलंय का? एकट्याने बसमध्ये म्हटलं तरी म्हणायचं असतं ‘आमच्यावर’. त्या ‘आमच्या’त कुणाकुणाला घ्यायचं, ते तुझं तू बघ.

स्तोत्राचा शेवट मात्र तसाच आहे, कडू. ‘आणि मग परमेश्वराने ऐकलं’ अशी ओळ त्यात नाही. गर्विष्ठांचा तिरस्कार, एवढ्यावर ते थांबतं. तुला रोज म्हणूनही काही बदललेलं दिसत नाही, असं तू लिहिलं नाहीस, पण मनात असेल. बदल दिसायलाच हवा असं या स्तोत्राने कुठे कबूल केलेलं नाही. म्हणून शब्बाथला आपण तिथे थांबत नाही, लगोलग १२४वं म्हणतो, पारध्याच्या फासातून पाखरू सुटल्याचं. बसमध्ये वेळ असेल तर दोन्ही म्हण. थांबा लवकर आला तर १२३वंच पुरे.

आता कामाचं. एक वही कर. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिही, बोललेल्या शब्दांतच, हिब्रूत. रडू आलं वगैरे त्यात नको, ते मला लिही. मग आधी मुख्य बाईंना एकटीला गाठून सांग, सगळ्यांसमोर नको, की तिकिटाचा विनोद मला चालणार नाही आणि तुम्ही हसलात ते मला दिसलं. आवाज खाली ठेव. नवऱ्याला हवेत ते ‘दोन शब्द’ हेच, पण तोंडावर फेकायचे नाहीत, हातात द्यायचे. पुढेही चालूच राहिलं तर कामगार प्रतिनिधीकडे आणि व्यवस्थापनाकडे लेखी द्यायचं. मूळ देशावरून नोकरीत भेदभाव करायला इस्राएलमध्ये १९८८च्या समान संधी कायद्याने बंदी आहे, आणि वंशावरून, मुळावरून माणसाला हिणवणं हे १९६५च्या बदनामीच्या कायद्यातही येतं. वकिलाकडे धाव घे असं मी म्हणत नाही. पण कायदा आपल्या बाजूचा आहे हे ठाऊक असलं की बोलताना आवाज कापत नाही.

आणि डबा उघडत जा. सुकटीची चटणी मात्र वृद्धाश्रमात नेऊ नकोस. तिच्या वासाला माझे यजमानसुद्धा खिडकी उघडायचे आणि ते कोकणकिनाऱ्यावरच्या नवगावचे होते.

*

प्रश्न : मावशी, मुलाच्या नोकरीसाठी एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोललेय. नोकरी अजून लागलेली नाही. शेजारीण म्हणते, आधी मलिदा कर म्हणजे दया लवकर होईल. करू का?

— एक आई, पनवेल

उत्तर : नवसाचा मलिदा काम झाल्यावर करायचा, ही आपली रीत. आधी करून देवाला भीड घालायची नसते. पण नुसती प्रार्थना म्हणून मलिदा करायला कुणाची आडकाठी नाही. घर घेतलं, लग्न ठरलं, कुणी बरं होऊन आलं, आपण करतोच. पोहे भिजवून निथळून घ्या, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे घाला, भोवती फळं मांडा आणि प्रार्थनेला दहा पुरुष जमवा. हल्ली दहा जमवणं हेच नोकरी मिळण्यापेक्षा अवघड झालंय, तेव्हा चार दिवस आधीपासून फोन करायला घ्या. मुलाला पोहे निथळायला बसवा, घरी बसून आहे तोवर तेवढं शिकेल.